वसई ते असई

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

केदारखेडा हे जालना-भोकरदन रस्त्यावरचे गाव. आमच्याकडे पाणी म्हणजे पूर्णा, आणि तीसुद्धा पाऊस बरा झाला तर. त्यामुळे समुद्र बघायला निघालेला आमच्याकडचा माणूस, वय कितीही असो, थोडा हरखलेलाच असतो. माझा भाचा वसईला एका कारखान्यात नोकरीला आहे. आमच्या भागातली पुष्कळ मुले आता वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात खोल्या घेऊन राहतात. दर दिवाळीला हा मला एकच गोष्ट ऐकवायचा, "मामा, एकदा शनिवार-रविवार काढून याच. गावभर इतिहास सांगत फिरता, अन् वसईचा किल्ला बघितला नाही म्हणता. लोक हसतील." शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी दशम्यांचे गाठोडे घेऊन निघालो. एसटीने राजूरच्या गणपतीला एसटीतूनच हात जोडून जालना, जालन्याहून रात्रीची देवगिरी, सकाळी दादर आणि तिथून विरार लोकल. शनिवार असल्याने बसायला जागा मिळाली, हे भाच्याच्या मते मोठेच भाग्य.

रस्ता नवा नाही, एवढे आधी सांगून टाकतो. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या यादीत भोगवर्धनच्या माणसांची नावे कोरलेली आहेत. १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भग्न तुकडा सापडला. त्याच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली सापडली होती, आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे पावणेदोन-दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या भागाचा समुद्रापलीकडच्या जगाशी संबंध होता. त्या काळी या किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते सोपारा, आजच्या नालासोपाऱ्याच्या जवळचे. हा विषय मोठा आहे आणि आजचा नाही. आज मला बोलायचे आहे ते या रस्त्याच्या दुसऱ्या एका उपयोगाबद्दल. एकदा या रस्त्याने किनाऱ्यावरून आमच्याकडे एका कागदाचे परिणाम चालत आले होते.

वसई रोड स्टेशनवर उतरून आम्ही रिक्षाने किल्ल्याकडे गेलो. स्टेशनभोवतीची गर्दी मागे पडली की वसई गाव वेगळेच दिसते. उतरत्या छपरांची घरे, वाडीतल्या केळी, मधूनच एखादे देऊळ, मधूनच एखादे चर्च. चर्चच्या फाटकावर मराठीत पाटी. इथला ख्रिस्ती समाज घरात आपली बोली बोलतो आणि लिहितो मराठीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच. २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, साहित्य संमेलन झाले, त्याचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले. रिक्षावाल्याला मी त्यांचे नाव सांगितले, तर त्याने रिक्षा हळू केली आणि त्यांच्याबद्दल दोन गोष्टी आदराने सांगितल्या.

किल्ला पाहून आमच्या डोळ्यांपुढची किल्ल्याची कल्पनाच बदलते. आम्हाला किल्ला म्हणजे देवगिरी. उंच, एकाकी, दम काढणारा. वसईचा किल्ला सपाट जमिनीवर आहे. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, एका बाजूने जमीन. आत एक सबंध शहर होते. चर्च, मठ, दवाखाना, न्यायकचेरी, धनिकांच्या हवेल्या. आज भिंती उभ्या आहेत, छपरे नाहीत. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून ताठ उभा आहे आणि दुसऱ्या एका चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. त्यांच्यावरून चालताना पाय आपोआप जपून पडतो. वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी कमानी कवेत घेतल्या आहेत. त्या कमानींखाली लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घेत होती. फोटोवाला नवरदेवाला सारखा "सर, जरा हसा" म्हणत होता. पलीकडे बंदरावर कोळ्यांची वस्ती, बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील आणि त्यांचा वास. समुद्र पाहिला तो तिथे. ओहोटी होती. चिखलात टेकलेल्या होड्या आणि लांबवर चकाकणारी पाण्याची रेघ. मी जरा हिरमुसलो हे कबूल करतो.

पोर्तुगीजांना हा मुलूख मिळाला तोही एका तहानेच. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसई त्यांच्या हवाली केली. पुढे दोनशे पाच वर्षे त्यांनी ती धरली. तट, दहा बुरूज, समुद्राकडचा एक दरवाजा आणि जमिनीकडचा एक. १७३७ पासून मराठ्यांनी साष्टी आणि आसपासची ठाणी घ्यायला सुरुवात केली. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पा स्वतः वसईपुढे येऊन बसले. तोफांनी तट फुटेना, तेव्हा बुरुजांखाली सुरुंग खणले. खणणाऱ्यांवर वरून गोळ्या, उकळते तेल, दारूची मडकी. काही सुरुंग उशिरा उडाले आणि आपलीच माणसे गाडली गेली. हजारोंनी मराठे कामी आले. मे महिन्यात किल्ला पडला. माझे मुंडके तोफेला बांधून किल्ल्यात टाका, असे अप्पा म्हणाल्याची कथा भाच्याला पाठ होती. ती त्याने मला अप्पांच्या स्मारकापुढे उभे राहून हातवारे करून सांगितली. कथा खरी असो नसो, वेढ्याचा जीवघेणा हट्ट तिच्यात बरोबर उतरला आहे.

मला त्याहून मोठी वाटते ती नंतरची गोष्ट. हरलेल्या पोर्तुगीजांना शस्त्रे आणि चीजवस्तू घेऊन मानाने बाहेर जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून निघाल्या आणि देशावरच्या देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यातलीच. तिच्यावर १७२१ हे साल आहे. येताना नाशिक रोड आले तेव्हा मी झोपेत होतो.

इथपर्यंत सगळे शाळेत शिकल्याप्रमाणे चालले होते. मग दगडावर बसून दशम्या सोडताना भाच्याने विचारले, "मामा, एवढी माणसं घालवून घेतला, तर मग इंग्रजांकडे कसा गेला?"

साधा प्रश्न. पण मी त्याला एका वाक्यात उत्तर देऊ शकलो नाही. कारण एका वाक्यातले उत्तर, म्हणजे १८१८ साली पेशवाई बुडाली आणि किल्ला गेला, हे खरे असले तरी पुरे नाही. किल्ला जाण्याच्या कितीतरी आधी पेशवाईच या किल्ल्यात आली आणि इथे सही करून गेली. १७३९ साल सगळ्यांना पाठ आहे. १८०२ साल परीक्षेत दोन गुणांना येते आणि विसरले जाते. गाईड लोकही वसईत १७३९ वर थांबतात. विजयाच्या जागी पराभवाची गोष्ट कोण सांगणार? पण जालना जिल्ह्यातल्या माणसाने तरी ती ऐकून ठेवायला हवी.

आधी एक धागा जोडतो. मधल्या काळात, डिसेंबर १७८० मध्ये, इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली होती. १७८२ च्या सालबाईच्या तहात ती परत मराठ्यांकडे आली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे १८०२ साली खाडीच्या या बाजूला पेशव्यांचे निशाण आणि त्या बाजूला कंपनीचे. घरातून रुसून निघालेला माणूस शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावा, एवढेच अंतर.

आणि घरात काय चालले होते? मार्च १८०० मध्ये नाना फडणीस वारले. त्यांच्यानंतर पुण्यात सावरून धरणारे वडीलधारे कोणी उरले नाही. पेशवा दुसरा बाजीराव, दौलतराव शिंदे, यशवंतराव होळकर, तिघेही पंचविशीच्या आसपासचे. तिघांच्या हातात फौजा आणि तिघांचा एकमेकांवर विश्वास नाही. १८०१ मध्ये बाजीरावाने यशवंतरावाचा भाऊ विठोजी याला पकडून पुण्यात हत्तीच्या पायी दिले. सुडाच्या या एका कृत्याची किंमत किती पडेल याचा हिशेब त्याने केला नसावा. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीचा दिवस. पुण्याजवळ हडपसरला होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव लढाई संपण्याच्या आतच निघाला. सिंहगड, रायगड, महाड करीत कोकणात उतरला आणि किनाऱ्यावरून जहाजाने डिसेंबरात वसईला पोचला. होळकरांनी त्याला परत बोलावले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण विठोजीचे रक्त अंगावर असलेल्या माणसाला त्या बोलावण्याचा भरवसा कसा वाटणार?

वसईत कंपनीचा वकील बॅरी क्लोज कागद घेऊन तयार होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याला असा कागद कधीपासून हवा होता. हैदराबादच्या निजामाने तसल्याच कागदावर १७९८ मध्ये सही केली होती. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने वसईच्या तहाला मान्यता दिली. कलमे लांबलचक आहेत, मतलब थोडक्यात असा. कंपनीची किमान सहा हजार कवायती पायदळाची फौज तोफखान्यासह पेशव्यांच्या मुलखात कायमची राहील. तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांनी तोडून द्यावा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियन राष्ट्रांची माणसे पेशव्यांनी नोकरीत ठेवू नयेत. सुरतेवरचा हक्क सोडावा. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले वाद कंपनीच्या निवाड्याने मिटवावेत. आणि दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची, तर कंपनीला विचारून.

शेवटचे कलम सगळ्यात जड. छत्रपतींच्या नावाने सगळ्या मराठा सरदारांच्या वतीने बोलण्याचा मान पेशव्यांचा होता. तोच मान गहाण पडला. साठ-त्रेसष्ट वर्षांपूर्वी ज्या तटाखाली मराठे सुरुंग खणताना गाडले गेले, त्याच वसईत हे झाले. ही सही नेमकी कोणत्या वाड्यात झाली म्हणून भाचा इकडेतिकडे बघू लागला. मी त्याला म्हटले, जागा शोधू नकोस, तो कागद गेला कुठे ते बघ.

कागद गेला तो आमच्याकडे आला.

दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना हा तह मान्य होणे शक्यच नव्हते. इंग्रजांनी मे १८०३ मध्ये बाजीरावाला पुण्याच्या गादीवर नेऊन बसवले. शिंदे-भोसले अजिंठ्याच्या डोंगराच्या आसपास फौजा घेऊन एकत्र आले. बोलणी फिसकटली, ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. इंग्रजांच्या बाजूने दख्खनमध्ये सेनापती होता गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली, वय ३४. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. त्याने आधी अहमदनगरचा किल्ला घेतला. त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सन याने सप्टेंबरच्या सुरुवातीला जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला दोघे बदनापूरला भेटले. हो, आपलेच रेल्वे स्टेशनचे बदनापूर. तिथे ठरले की दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वाटांनी जायचे आणि मग एकत्र होऊन भोकरदनजवळच्या मराठा फौजेवर चालून जायचे.

२३ तारखेला सकाळी वेलस्ली एका गावी पोचला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव 'नॉलनिया' असे येते. भोकरदन तालुक्यात नळणी नावाचे गाव आहे, आणि नाव चांगलेच जुळते. तिथे त्याला हेरांकडून कळले की मराठा फौज वाटली होती त्याहून फार जवळ आहे. केळना नदीच्या पलीकडच्या काठाने भोकरदनच्या बाजूपासून असईपर्यंत तिचा तळ पसरला होता. स्टीव्हन्सन अजून आला नव्हता. वेलस्लीजवळ कवायती फौज साडेचार हजारांच्या आसपास, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणीच दहा हजारांच्या वर, शंभराच्या आसपास तोफा, आणि त्याखेरीज हजारो घोडेस्वार. त्याने थांबायचे नाही असे ठरवले.

इथे नदीची गोष्ट येते. आपल्या नद्या कशा असतात हे आपल्याला माहीत आहे. दरड उंच, पात्र खोल, उतार ठरावीक ठिकाणीच. वाटाड्यांनी सांगितले की पुढे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तर केळनेच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावे समोरासमोर दिसली. दोन गावे इतकी जवळ नदीच्या दोन तीरांवर वसली आहेत, म्हणजे त्यांचे येणेजाणे असणार, म्हणजे तिथे उतार असणारच, असे त्याने अनुमान केले. उतार होता. इंग्रज इतिहासकार या अनुमानाचे फार कौतुक करतात. मी मात्र केदारखेड्याचा. पूर्णेच्या काठावरचे शेळ्या राखणारे पोरही हे सांगू शकेल. प्रश्न असा आहे की उतारावर चौकी ठेवायचे मराठ्यांच्या छावणीत कोणाला कसे सुचले नाही?

केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत लढाई झाली. शिंद्यांच्या पलटणींचा मुख्य होता पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन. बेगम समरूची पलटणही त्यात होती. इंग्रजांनी बाजूने नदी ओलांडल्याचे दिसताच या पलटणींनी आपले तोंड काटकोनात फिरवले, तोफांसह आणि शिस्तीत. हे त्यांना जमेल असे वेलस्लीला वाटले नव्हते. मग तोफा सुरू झाल्या. असईच्या गढीजवळ चुकून पुढे गेलेली इंग्रजांची एक तुकडी आणि मागोमाग गेलेली ७४ वी हायलँडर पलटण जवळजवळ कापली गेली. वेलस्लीचा एक घोडा गोळीने मेला, दुसऱ्याला भाला लागला. घोडदळाच्या हल्ल्याने इंग्रज सावरले आणि संध्याकाळपर्यंत मैदान त्यांचे झाले. ९८ तोफा हाती लागल्या. त्यांची मेलेली आणि जखमी माणसे दीड हजारांच्या वर गेली, म्हणजे लढणाऱ्या तीन माणसांमागे एक. मराठ्यांकडची मेलेली आणि जखमी माणसे सहा हजारांच्या घरात धरतात.

या लढाईत मान कोणाला द्यायचा असेल तर मी शिंद्यांच्या गोलंदाजांना देतो. इंग्रज फळी अंगावर आली तरी त्यांनी तोफा सोडल्या नाहीत. काही जण मेल्यासारखे तोफांखाली पडून राहिले, आणि फळी पुढे निघून गेल्यावर उठून त्याच तोफा मागे फिरवून पुन्हा डागल्या. ही नोंद शत्रूच्याच कागदांत आहे. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. दौलतराव आणि रघूजी मात्र घोडदळासह निघून गेले. होळकर तर आलेच नाहीत. शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्याला मान देऊन आधीच सोडून गेले होते. म्हणजे पगारी अधिकारी फुटले, मालक निघाले आणि गोलंदाज तेवढे राहिले.

आता पेशव्यांच्या घोडदळाकडे बघा. ते केळनेच्या दक्षिण काठावर उभे होते. इंग्रजांच्या बाजूने. पलीकडे शिंद्यांचे मराठे मरत होते आणि अलीकडे पेशव्यांचे मराठे इंग्रजांची पिछाडी राखत होते. वसईच्या तहाचा अर्थ यापेक्षा स्पष्ट करून सांगता येईल असे मला वाटत नाही. वेलिंग्टनला म्हातारपणी विचारले होते म्हणे, की तुम्ही लढाईत केलेली सर्वांत चांगली कामगिरी कोणती? त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले.

पुढची साखळी भराभर उलगडते. नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. १७ डिसेंबर १८०३ ला भोसल्यांशी देवगावचा तह आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. वसईच्या सहीला एक वर्ष पुरे व्हायला एक दिवस कमी. या दुसऱ्या तहातले एक कलम आपल्या भागापुरते सगळ्यात महत्त्वाचे आहे आणि तेच कोणी वाचत नाही. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा आपला मुलूख, त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा, गंगापूरचा परगणा, आणि डोंगरापासून गोदावरीपर्यंतचे इतर परगणे शिंद्यांनी सोडून दिले. कंपनीने ते पुढच्या वर्षी आपल्या दोस्ताला, निजामाला दिले. निजामाचा अंमल या बाजूला आधीपासून होताच, औरंगाबाद त्याचेच होते. पण मधूनमधून शिंद्यांचे परगणे होते, ठाणी होती, गावोगावी दोन सरकारांची ये-जा होती. ती संपली. जालन्यावरचे मराठी निशाण उतरले ते उतरलेच. इंग्रजी मुलखातल्या मराठी माणसाची वाट वेगळी झाली आणि आमची वेगळी. पुढे तिकडे छापखाने, मराठी शाळा, वर्तमानपत्रे आली. आमच्याकडे दरबारची भाषा वेगळी, कचेरीची वेगळी, घरची वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. दरवर्षी त्या दिवशी आपण झेंडावंदन करतो आणि मुक्तिसंग्रामातल्या माणसांची आठवण काढतो, ते योग्यच आहे. पण त्या एकशे पंचेचाळीस वर्षांची सुरुवात कोणत्या लढाईने झाली हे विचारले तर सभेत शांतता पसरते. ती लढाई सतरा सप्टेंबरपासून मोजून सहाव्या दिवशी येते आणि मोटारसायकलने एका तासाच्या आत गाठता येते.

सगळा दोष बाजीरावावर टाकून मोकळे होण्याची आपली सवय मला पटत नाही. तो भित्रा होता, सूडबुद्धीचा होता, हे खरे. १८१८ मध्ये शरण गेल्यावर वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला १८५१ पर्यंत तो जगला, हेही खरे. पण वसईच्या किनाऱ्यावर तो उतरला तेव्हा त्याच्यामागे शिंदे-होळकरांच्या भांडणाने जाळलेला मुलूख होता. होळकर असईला आले असते तर? शिंदे लढाई सोडून गेले नसते तर? एकट्या माणसाच्या सहीने राज्य जात नाही, बाकीच्यांनी आपापले हिशेब आधी मिटवायचे ठरवले की जाते. हे सगळे भाच्याला तिथे दगडावर बसून सांगेपर्यंत ऊन कलले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, "म्हणजे मामा, तुम्ही दोन रात्री गाडीत घालवून आपल्याच गावची गोष्ट बघायला आलात."

रविवारी सकाळी पुन्हा किनाऱ्यावर गेलो. या वेळी भरती होती. पाणी थेट बंदराच्या पायऱ्यांना लागले होते आणि आदल्या दिवशी चिखलात रुतलेल्या होड्या डोलत होत्या. मी पायजमा वर करून गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. बायकोने सांगितल्याप्रमाणे बाजारातून सुकेळी घेतली, वाळवलेली केळी, हा वसईचाच प्रकार. रात्रीची गाडी पकडून सोमवारी सकाळी घरी.

सप्टेंबरात महालक्ष्म्यांना भाचा गावी आला, तेव्हा त्याला मोटारसायकलवर मागे बसवून मी असईला नेले. भोकरदन मागे टाकले की दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका. पावसाने उघडीप दिली होती. मध्येच केळनेच्या काठाला थांबलो. पाणी गढूळ होते, पण फार नव्हते. भाच्याने मोबाईलवर फोटो काढले, अगदी वसईला काढले होते तसे. गावात पोचलो तर पारावर दोन-तीन म्हातारी माणसे बसलेली. त्यांनी लढाईच्या गोष्टी सांगितल्या, नांगराला शिशाच्या गोळ्या लागायच्या म्हणाले. त्यातल्या एकाला कमी ऐकू येत होते. त्याने भाच्याच्या शहरी कपड्यांकडे बघत विचारले,

"कुठले पाव्हणे?"

"वसईचे, बाबा."

"असई हीच की," म्हातारा म्हणाला आणि बसायला सरकून जागा केली.